एकच कॉम्प्युटर, चार माणसे : डी ड्राइव्ह इतरांसाठी कसा बंद करावा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून पूर्व भागातल्या गल्ल्यांपर्यंत टॉवेल आणि चादरीचे जे लहान कारखाने आहेत, त्यांच्या ऑफिसात बहुधा एकच कॉम्प्युटर असतो. सकाळी त्यावर दिवाणजी टॅलीत जमाखर्च लिहितात, दुपारी डिझायनर जेकार्डचे डिझाइन काढतो, संध्याकाळी मालक बँकेचे व्यवहार पाहतात आणि रात्री मालकांचा मुलगा कॉलेजचा प्रोजेक्ट घेऊन त्याच खुर्चीत बसतो. चौघेही एकाच नावाने, आणि पुष्कळदा पासवर्डशिवायच, कॉम्प्युटरमध्ये शिरतात. मग एखाद्या दिवशी बाजारात न आलेले डिझाइन कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर दिसते, किंवा मुलाने जागा रिकामी करण्याच्या नादात मागच्या वर्षाचा हिशेब पुसलेला असतो, आणि माझ्याकडे निरोप येतो : ‘डी ड्राइव्हला तेवढा पासवर्ड लावून द्या.’

ही मागणी समजण्यासारखी असली, तरी ती ज्या रीतीने मांडली जाते त्या रीतीने विंडोजमध्ये पुरी होत नाही. विंडोज ड्राइव्हला ‘तुझा पासवर्ड काय’ असे विचारत नाही. समोर बसलेला माणूस कोण आहे हे ते त्याच्या खात्यावरून ओळखते आणि त्या खात्याला त्या ड्राइव्हवर काय करण्याची परवानगी आहे, एवढेच पाहते. त्यामुळे चौघे एकाच खात्याने काम करत असतील, तर विंडोजच्या दृष्टीने तिथे एकच माणूस आहे, आणि त्या एका माणसाला ड्राइव्ह एकाच वेळी उघडा आणि बंद ठेवता येत नाही. पुढे दिलेली सर्व कृती याच एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून तिचा क्रम बदलू नये. इंटरनेटवर ‘ड्राइव्ह लॉक’ करून देणारी जी लहानसहान मोफत सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. लागणारी सोय विंडोजमध्ये आधीपासूनच आहे.

आधी कागदावर

माउसला हात लावण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर कॉम्प्युटर वापरणाऱ्यांची नावे आणि त्यांना लागणारी फोल्डरे लिहून काढावीत. वरच्या उदाहरणात दिवाणजींना टॅलीचा डेटा वाचता आणि बदलता आला पाहिजे, डिझायनरला डिझाइनचे फोल्डर पूर्ण लागेल पण टॅलीशी त्याचा संबंध नाही, मालकांना सर्व काही दिसले पाहिजे आणि मुलाला यांपैकी काहीच नको. हा कागद तयार करताना मालक आणि दिवाणजी यांचे एकमत होण्यास जो अर्धा तास लागतो, तो पुढच्या सगळ्या कामातला सर्वांत कठीण अर्धा तास असतो, असा माझा अनुभव आहे.

त्याच वेळी डी ड्राइव्हवरील महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. दिवसही विचारपूर्वक निवडावा. दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि ३बी ची २० तारखेला असते. त्याच्या आदल्या दिवशी परवानग्यांचे काम काढले आणि दिवाणजींना डेटा उघडेनासा झाला, तर दोष कॉम्प्युटरला कुणीच देणार नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेची सुट्टी किंवा आठवड्याची सुट्टी या कामाला बरी.

प्रत्येकाचे खाते वेगळे

विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडून ‘अकाउंट्स’मध्ये जावे आणि ‘अदर युजर्स’ निवडून ‘ॲड अकाउंट’वर क्लिक करावे. विंडोज १० मध्ये हाच भाग ‘फॅमिली अँड अदर युजर्स’ या नावाने आहे. (विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तरीही अनेक ऑफिसांत तेच चालू असल्याने त्याचा उल्लेख करतो.) पुढे ईमेल विचारणारी खिडकी येते. तिथे या व्यक्तीची साइन-इन माहिती आपल्याकडे नाही असे सांगणारा पर्याय आणि त्यानंतर मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय युजर जोडण्याचा पर्याय निवडला, की नाव आणि पासवर्ड भरता येतो. पासवर्ड भरल्यावर तीन सुरक्षा-प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ती ज्याचे खाते आहे त्यालाच भरू द्यावीत. खात्याचे नाव रोमन अक्षरांत, लहान आणि मधे जागा न सोडता ठेवावे, कारण डिझाइनची काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी अडखळतात.

असे तयार झालेले खाते आपोआप ‘स्टँडर्ड युजर’ प्रकारचे असते, आणि ते तसेच राहू द्यावे. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ प्रकारच्या खात्याला कुठल्याही ड्राइव्हच्या परवानग्या बदलता येतात. म्हणजे ज्याला अडवायचे त्याच्याच हाती किल्ल्यांचा जुडगा देण्यासारखे ते होईल.

जुन्या, सर्वांच्या वापरातल्या खात्याचे काय करावे, हा प्रश्न इथे हमखास येतो. ते खाते बहुतेक वेळा ॲडमिनिस्ट्रेटर असते आणि त्याच्या डेस्कटॉपवर सर्वांच्या फायलींचा ढीग असतो. ते मालकांकडे ठेवावे, त्याला चांगला पासवर्ड घालावा आणि इतरांच्या फायली ज्याच्या त्याच्या खात्यात पोचवाव्यात. त्याहून चांगली पद्धत म्हणजे केवळ देखभालीसाठी एक वेगळे ॲडमिनिस्ट्रेटर खाते काढणे आणि मालकांचे रोजचे खातेही स्टँडर्ड करणे. मात्र नव्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात एकदा प्रत्यक्ष शिरून ते चालते याची खात्री झाल्याशिवाय जुन्या खात्याचा प्रकार बदलू नये. एखादेही ॲडमिनिस्ट्रेटर खाते हाताशी उरले नाही, तर पुढचे सारे दरवाजे बंद होतात.

खाती वेगळी झाली, की अर्धे काम आपोआप झालेले असते. सी ड्राइव्हमधील ‘युजर्स’ या फोल्डरात प्रत्येक खात्याचे जे स्वतःचे फोल्डर बनते, ते दुसऱ्या स्टँडर्ड खात्याला उघडता येत नाही. म्हणजे ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘डेस्कटॉप’वर ठेवलेल्या फायली इतरांना मुळातच दिसत नाहीत. घरगुती कॉम्प्युटर असेल आणि वेगळ्या ड्राइव्हचा आग्रह नसेल, तर इथेच थांबले तरी चालण्यासारखे आहे. अपवाद ‘पब्लिक’ या फोल्डराचा. ते सर्वांसाठी खुले असते, आणि टॅलीप्राइम आपला डेटा मूळ सेटिंगनुसार नेमका त्याच्या आत ठेवते, हे फार थोड्या जणांच्या लक्षात आलेले असते.

ड्राइव्हची जात

‘धिस पीसी’ उघडून डी ड्राइव्हवर माउसचे उजवे बटण दाबावे, ‘प्रॉपर्टीज’ निवडावे आणि ‘फाइल सिस्टिम’समोर काय लिहिले आहे ते पाहावे. तिथे ‘एनटीएफएस’ असेल तर पुढे जावे. ‘फॅट३२’ किंवा ‘एक्सफॅट’ असेल, तर त्या ड्राइव्हवर खातेनिहाय परवानग्या नोंदवण्याची सोयच नसते आणि प्रॉपर्टीजच्या खिडकीत ‘सिक्युरिटी’ हा भाग दिसत नाही. फॅट३२ ड्राइव्ह विंडोजच्या ‘कन्व्हर्ट’ या आज्ञेने फायली न पुसता एनटीएफएस करता येतो. एक्सफॅटला ती आज्ञा लागू पडत नाही, तिथे फायली बाहेर काढून, ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून त्या परत आणाव्या लागतात. दोन्ही वेळा बॅकअप आधी.

परवानग्यांची यादी

आता मुख्य काम. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने आत जाऊन डी ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ हा भाग उघडावा. वरच्या चौकटीत नावांची यादी असते आणि एखादे नाव निवडले, की खालच्या चौकटीत त्याला मिळालेल्या परवानग्या दिसतात. नव्याने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर साधारणपणे चार नावे आढळतात : ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’, ‘सिस्टिम’, ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ आणि ‘युजर्स’. यांतले पहिले नाव म्हणजे पासवर्ड देऊन आत आलेला कोणीही, आणि त्याला फायली बदलण्याची, पुसण्याची मुभा असते. शेवटचे नाव म्हणजे या कॉम्प्युटरचे सर्व वापरकर्ते; त्यांना वाचण्याची मुभा असते. ड्राइव्ह सर्वांना उघडतो तो या दोन नावांमुळे.

काहीही बदलण्याआधी या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. सवय साधी आहे, पण संध्याकाळी सात वाजता ‘आधी काय होते’ हे आठवेनासे होते, तेव्हा तिची किंमत कळते.

त्यानंतर ‘एडिट’वर क्लिक करून, काढण्याआधी जोडण्याचे काम करावे. ‘ॲड’वर क्लिक करावे, मालकांच्या खात्याचे नाव लिहावे, ‘चेक नेम्स’ने ते बरोबर असल्याची खात्री करावी आणि त्या नावासमोर ‘फुल कंट्रोल’च्या ‘अलाऊ’ चौकटीत खूण करावी. मालकांचे खाते ॲडमिनिस्ट्रेटर असले तरी त्याचे नाव स्वतंत्रपणे जोडावे. कारण असे, की विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरलाही रोजच्या कामात साध्या वापरकर्त्यासारखे वागवते आणि पूर्ण अधिकार विचारून मगच देते. केवळ ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ गटावर विसंबून राहिले, तर ड्राइव्ह उघडताना ‘आपल्याला परवानगी नाही, कंटिन्यू दाबा’ अशा अर्थाची सूचना येते, आणि ‘कंटिन्यू’ दाबणाऱ्या खात्याचे नाव विंडोज गुपचूप त्या यादीत कायमचे घालते. यादी आपण लिहिलेली असावी, विंडोजने नव्हे.

मालकांचे नाव जोडून झाले, की ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ निवडून ‘रिमूव्ह’ करावे आणि तसेच ‘युजर्स’चेही करावे. जुन्या ड्राइव्हवर ‘एव्हरीवन’ असे नाव असेल तर तेही काढावे. ‘सिस्टिम’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ यांना हात लावू नये. अँटिव्हायरस आणि बॅकअपसारखी कामे ‘सिस्टिम’च्या नावावर चालतात. ‘ओके’ केल्यावर हा बदल ड्राइव्हमधील सर्व फोल्डरांपर्यंत उतरतो, आणि फायली लाखभर असल्या तर त्याला बराच वेळ लागतो. त्या वेळात खिडकी बंद करू नये आणि विजेचा भरवसा नसेल तर यूपीएस चालू असल्याचे आधीच पाहून घ्यावे.

याच खिडकीत ‘अलाऊ’शेजारी ‘डिनाय’ची चौकट आहे आणि नवशिक्याला तिचा मोह पडतोच. मलाही पडला होता. भवानी पेठेतल्या एका कारखान्यात मी पहिल्यांदा हे काम केले, तेव्हा नावे काढण्याऐवजी ‘युजर्स’ गटासमोर सगळ्या ‘डिनाय’ चौकटींत खुणा केल्या आणि विजयी मुद्रेने मालकांना ड्राइव्ह उघडून दाखवायला गेलो. तो मलाही उघडेना. ‘युजर्स’ गटात ॲडमिनिस्ट्रेटरसह कॉम्प्युटरवर आत आलेला प्रत्येक जण मोडतो, आणि एकाच पातळीवर ‘अलाऊ’ व ‘डिनाय’ समोरासमोर आले तर ‘डिनाय’ जिंकते, या दोन्ही गोष्टी मला त्या दिवशी कळल्या. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘ओनर’समोरील ‘चेंज’ने मालकी पुन्हा स्वतःकडे घेतली, डिनायच्या ओळी काढल्या आणि ड्राइव्ह परत मिळाला, पण तोवर मालकांनी दोन वेळा चहा मागवला होता. तेव्हापासून नियम सोपा ठेवला आहे : ज्याला आत यायचे त्याचेच नाव यादीत ठेवायचे, ज्याचे नाव नाही तो आपोआप बाहेर राहतो, त्याला वेगळे ‘नाही’ म्हणावे लागत नाही.

हीच कृती सी ड्राइव्हवर कधीही करू नये. विंडोज आणि सर्व सॉफ्टवेअर तिथून चालतात, आणि तिथली नावे काढली तर स्टँडर्ड खातीच काय, कॉम्प्युटर नीट सुरू होण्याचीही शाश्वती राहत नाही. सी ड्राइव्हवर काही झाकायचे असेल तर ती फाइल तिथून हलवावी.

दिवाणजींना फक्त टॅली

आता डी ड्राइव्ह मालकांखेरीज कुणालाच उघडत नाही. पण टॅलीचा डेटा आपल्याला तिथेच, डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात ठेवायचा आहे आणि दिवाणजींना तो रोज लागणार आहे. टॅली बंद करून, डेटाचे फोल्डर ‘पब्लिक’मधून कॉपी करून डी वर आणावे आणि टॅलीच्या सेटिंगमध्ये डेटाचा नवा मार्ग द्यावा. जुनी प्रत दोन-चार दिवस काम सुरळीत चालल्यावर पुसावी, पण पुसायला विसरू नये. अन्यथा पुढचे दार बंद आणि मागचे सताड उघडे, अशी अवस्था होते.

नव्या फोल्डराच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ उघडून दिवाणजींचे खाते जोडावे आणि ‘मॉडिफाय’ला ‘अलाऊ’ करावे. केवळ ‘रीड’ देऊन भागत नाही, कारण नोंद करताना टॅलीला फायली लिहाव्या लागतात. ‘फुल कंट्रोल’ मात्र देऊ नये. त्यात परवानग्या बदलण्याचा अधिकारही येतो. डिझाइनच्या फोल्डराला डिझायनरचे खाते याच रीतीने जोडावे.

इथे एक गोष्ट नवख्याला चक्रावून टाकते. दिवाणजींनी ‘धिस पीसी’मधून डी ड्राइव्हवर क्लिक केले तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असे उत्तर येते, पण टॅलीच्या फोल्डराचा पूर्ण मार्ग दिला तर तेच फोल्डर बिनदिक्कत उघडते. यात बिघाड काही नाही. विंडोजमध्ये मूळ सेटिंगनुसार प्रत्येकाला, वरच्या फोल्डरात डोकावण्याची परवानगी नसतानाही, त्याच्या पोटातल्या परवानगी असलेल्या फोल्डरापर्यंत जाण्याची मुभा असते. म्हणून दिवाणजींच्या डेस्कटॉपवर त्या फोल्डराचा शॉर्टकट करून द्यावा, प्रश्न मिटतो. एखाद्या सॉफ्टवेअरला ड्राइव्हच्या मुळाची यादी दिसल्याशिवाय चालत नसेल, तर ड्राइव्हच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये त्या खात्याला वाचण्याची परवानगी देऊन ‘अप्लाइज टू’मध्ये ‘धिस फोल्डर ओन्ली’ निवडावे, म्हणजे फोल्डरांची नावे दिसतील पण ती उघडणार नाहीत.

फायलींची ने-आण करताना आणखी एक खबरदारी घ्यावी. एकाच ड्राइव्हमध्ये एका फोल्डरातून दुसऱ्यात ‘कट’ करून हलवलेली फाइल जुन्या फोल्डराच्या परवानग्या सोबत घेऊन येते, तर ‘कॉपी’ केलेली फाइल नव्या फोल्डराच्या परवानग्या स्वीकारते. मालकांनी स्वतःच्या फोल्डरातून डिझायनरच्या फोल्डरात हलवलेले डिझाइन डिझायनरला उघडत नाही, अशी तक्रार आली तर कारण बहुधा हेच असते.

ड्राइव्ह नजरेआड करणे

मालकांच्या मुलाला डी ड्राइव्ह उघडत नसला तरी त्याचे चिन्ह दिसत राहते, आणि बंद दार दिसले की ते ढकलून पाहावेसे वाटते. चिन्हच दिसू नये अशी सोय विंडोजमध्ये आहे, पण ती वरच्या परवानग्यांना जोड म्हणून वापरावी, त्यांच्या जागी नव्हे. ती फक्त फाइल एक्सप्लोररला लागू होते. इतर सॉफ्टवेअरमधून किंवा कमांड प्रॉम्प्टमधून ड्राइव्हपर्यंत पोचता येते.

विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे वापरकर्त्यांवर नियम घालण्याची विंडोजमधली सोय, वापरता येते. थेट ‘जीपीएडिट’ उघडून केलेला बदल ॲडमिनिस्ट्रेटरसह सर्वांना लागू होतो, ही त्यातली खोच आहे. म्हणून ‘रन’मधून ‘एमएमसी’ उघडावे, ‘फाइल’मधील ‘ॲड स्नॅप-इन’मधून ‘ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर’ निवडावा, ‘ब्राउझ’ दाबून ‘युजर्स’ भागात जावे आणि तिथे थेट मुलाच्या खात्याचे नाव निवडावे (‘नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स’ निवडले तर दिवाणजी आणि डिझायनर यांचीही वाट अडते). मग ‘युजर कॉन्फिगरेशन’, ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कंपोनंट्स’, ‘फाइल एक्सप्लोरर’ या क्रमाने आत गेल्यावर दोन पॉलिसी सापडतात : निवडलेले ड्राइव्ह लपवणारी एक आणि ते उघडण्यास प्रतिबंध करणारी दुसरी. दोन्ही ‘एनेबल’ करून डी ड्राइव्हचा पर्याय निवडावा. यादीत ए, बी, सी आणि डी यांच्याच ठरावीक जुळण्या आहेत. ई ड्राइव्ह एकटा निवडता येत नाही.

ई साठी, किंवा ग्रुप पॉलिसी नसलेल्या विंडोज होमसाठी, रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजची सर्व सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात त्या नोंदवहीचा, मार्ग उरतो. तिथे त्या वापरकर्त्याच्या ‘पॉलिसीज’मधील ‘एक्सप्लोरर’ या किल्लीखाली ‘नो ड्राइव्ह्ज’ या जोडून लिहिलेल्या नावाची ३२ बिटची डीवर्ड नोंद करावी लागते. तिच्यात भरायचा आकडा ड्राइव्हच्या अक्षरावरून ठरतो : ए साठी १, बी साठी २, सी साठी ४, डी साठी ८, ई साठी १६, एफ साठी ३२, असा तो प्रत्येक अक्षरागणिक दुप्पट होतो, आणि अनेक ड्राइव्ह लपवायचे असतील तर त्यांची बेरीज लिहायची, डी आणि ई साठी २४. आकडा भरताना ‘डेसिमल’ निवडणे अत्यावश्यक आहे, कारण खिडकी उघडते ती ‘हेक्साडेसिमल’वर. त्याच स्थितीत २४ लिहिले तर त्याचा अर्थ ३६ होतो, आणि डी व ई ऐवजी सी आणि एफ अदृश्य होतात.

दुसरा धोका खात्याचा. स्टँडर्ड खात्यात बसून, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊन रजिस्ट्री उघडली, तर ‘करंट युजर’ म्हणून जो भाग दिसतो तो त्या ॲडमिनिस्ट्रेटरचा असतो, आणि ड्राइव्ह मुलाला नव्हे तर मालकांना दिसेनासा होतो. म्हणून त्या खात्याला तात्पुरते ॲडमिनिस्ट्रेटर करावे, त्यातून साइन-आउट होऊन पुन्हा आत यावे, नोंद करावी आणि लगेच ते पुन्हा स्टँडर्ड करावे. ज्यांनी रजिस्ट्री कधी उघडलेली नाही, त्यांनी हा भाग सोडून दिला तरी संरक्षणात काही कमी पडत नाही.

बिटलॉकर कधी

एनटीएफएसच्या परवानग्या विंडोज चालू असते तोवरच पाळल्या जातात. कुणी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला किंवा हार्ड डिस्कच काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, तर त्या बाजूला सारता येतात. लॅपटॉप बाहेरगावी नेला जात असेल किंवा डिस्क दुरुस्तीला बाहेर जाणार असेल, तर मजकूरच सांकेतिक लिपीत बदलणारे बिटलॉकर वापरावे. विंडोज प्रोमध्ये डी ड्राइव्हवर उजवे बटण दाबून ‘टर्न ऑन बिटलॉकर’ निवडावे आणि पासवर्ड ठरवावा. त्यानंतर मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी की छापून तिजोरीत ठेवावी. ती डी ड्राइव्हवरच साठवणे म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेणे होय. पासवर्ड आणि ही की, दोन्ही हरवले तर डेटा परत मिळत नाही, आणि नवी पेठेतला कितीही हुशार तंत्रज्ञ त्यात काही करू शकत नाही. विंडोज होममध्ये डेटा ड्राइव्हवर अशा रीतीने बिटलॉकर सुरू करता येत नाही. तिथे ‘व्हेराक्रिप्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते.

बिटलॉकर घेतल्यावर परवानग्यांची गरज संपली, असा समज मात्र करून घेऊ नये. मालकांनी पासवर्ड देऊन ड्राइव्ह एकदा उघडला, की तो कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईपर्यंत सर्वच खात्यांसाठी उघडा राहतो. मालक दुपारी जेवायला गेले आणि डिझायनर आपल्या खात्याने आत आला, तर त्याला अडवण्याचे काम परवानग्यांची यादीच करते. ड्राइव्ह आपोआप उघडणारे ‘ऑटो-अनलॉक’ याच कारणासाठी सुरू करू नये.

पेन ड्राइव्हबद्दल थोडक्यात. डिझायनरला डिझाइनचे फोल्डर दिलेच आहे, तेव्हा त्याने ते पेन ड्राइव्हवर घेणे परवानग्यांनी थांबत नाही. वरच्याच रीतीने, पण ‘नॉन-ॲडमिनिस्ट्रेटर्स’ निवडून उघडलेल्या पॉलिसीत ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’खालील ‘सिस्टिम’मध्ये ‘रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस’ आहे, तिथून काढता-घालता येणाऱ्या सर्व साठवणीवर बंदी घालता येते. पण फाइल ईमेलने पाठवता येते आणि पडद्याचा फोटोही काढता येतो, हे मालकांना आधीच सांगून टाकावे. नाहीतर कॉम्प्युटरवाल्याकडून माणसांच्या विश्वासाची हमी मागितली जाते.

तपासणी आणि पुढची देखभाल

काम झाल्यावर प्रत्येक खात्याने आत शिरून कागदावरची प्रत्येक ओळ प्रत्यक्ष तपासावी. दिवाणजींच्या खात्यातून टॅलीत एक खोटी नोंद करून ती पुसून पाहावी, डिझायनरच्या खात्यातून डिझाइन सेव्ह करावे आणि मुलाच्या खात्यातून डी ड्राइव्ह उघडण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा. दुसऱ्याचा पासवर्ड हाताशी नसेल तर सिक्युरिटीच्या ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ या भागात खाते निवडले, की त्याला प्रत्यक्षात काय करता येते ते विंडोज स्वतःच दाखवते. खुर्चीवरून उठताना विंडोजचे बटण आणि एल एकत्र दाबून पडदा बंद करण्याची सवय चौघांनाही लावावी. मालकांचे खाते उघडे टाकून कुणी गड्ड्यावर पाळण्यात बसायला गेले, तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते लगेच पुसू नये. आधी त्याचा पासवर्ड बदलावा, त्याच्या डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधून कामाच्या फायली काढून घ्याव्यात आणि मगच खाते काढावे, कारण खात्याबरोबर त्या फायलीही जातात. त्यानंतर परवानग्यांच्या यादीत त्याच्या नावाऐवजी ‘अकाउंट अननोन’ आणि एक लांबलचक आकडा दिसू लागतो. ती ओळ निर्धास्तपणे काढावी.

तोच आकडा विंडोज नव्याने टाकल्यावरही दिसतो. विंडोज माणसाला नावाने नव्हे तर त्या आकड्याने ओळखते. म्हणून सी ड्राइव्ह फॉरमॅट करून जुन्याच नावांची खाती पुन्हा काढली, तरी डी ड्राइव्हच्या लेखी ती सर्व माणसे नवी असतात आणि दिवाणजींना टॅलीचे फोल्डर उघडत नाही. अशा वेळी घाबरून डी ड्राइव्हही फॉरमॅट करू नये. ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ हा गट प्रत्येक विंडोजमध्ये एकाच आकड्याने ओळखला जातो, त्यामुळे नव्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने सिक्युरिटीचा भाग उघडतो. तिथून आकड्यांच्या जुन्या ओळी काढून, सुरुवातीला केलेला तो कागद समोर ठेवून, ज्यांना परवानगी आहे त्यांची नावे पुन्हा जोडावीत.